बोथ्याच्या रानांतील एक पहाट

बुलढाण्याहून खामगांवास जाणारा रस्ता बोथ्याच्या रानांतून जातो, हें आपल्या शेतकरीबंधूंस ठाऊकच आहे. अजिंठ्याच्या रांगेंतील या भागास १९९७ सालीं ज्ञानगंगा अभयारण्य हें नांव मिळालें. त्याचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर आहे. गत पौषांत वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही एका पहाटें त्या डोंगरांत पायीं शिरलों.

पायथ्याशीं धुकें होतें. प्रथम तितराची हांक आली, मग मोराची. उजाडतांच सालईच्या निष्पर्ण फांदीवर नीलपंख दिसला. दसऱ्यास ज्याचें दर्शन आपण शुभ मानतों, तोच हा. आमच्यादेखत तो खालीं झेंपावला आणि नाकतोडा घेऊन परतला. पुढें खडकावर शेपटी थरथरवीत थिरथिरा बसला होता. हा उत्तरेकडून केवळ हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा होय.

उतरतांना डोंगरालगत हरभऱ्याचें शेत लागलें. मालकानें मधून मधून ज्वारीचीं ताटें राखलीं होतीं. त्यांवर कोतवाल बसत, घाटेअळी टिपीत आणि पुन्हा जागेवर येत. ज्वारी नसल्यास काठ्या रोंवूनही हें काम साधतें. मात्र दाणे भरूं लागल्यावर त्या काढाव्या. ऊठसूट विषारी फवारा मारल्यास अळीबरोबर हे बिनपगारी राखणदारही आपण गमावतों.

परततांना आमच्या वृद्ध वाटाड्यानें एक उजाड माळ दाखविला. पूर्वीं येथें मेलेलें जनावर टाकलें कीं गिधाडें उतरत, आतां केवळ कुत्रीं येतात, असें ते म्हणाले. याचें मुख्य कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें. गुरांस दिलेलें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध त्यांच्या मांसांत उरतें आणि तें खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. गुरांकरितां या औषधावर २००६ सालीं बंदी आली. परंतु माणसांसाठीं विकली जाणारी तीच सुई गोठ्यांत वापरली, तर बंदी असून नसल्यासारखीच. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस उपयोगी असून गिधाडांस बाधत नाहीं, हें सिद्ध झालें आहे.

म्हणून बैल लंगडूं लागला कीं सुई कोणत्या औषधाची, एवढें पशुवैद्यास अवश्य विचारावें. प्रश्न एका वाक्याचा आहे. परंतु त्या माळावरचें आकाश पुन्हा भरेल कीं रितेंच राहील, हें पुष्कळ अंशीं आपल्या गोठ्यांतच ठरणार आहे.