छापील कागद आणि जबलपूर : पाच गैरसमज

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास वाचताना एकपानी छापील पत्रकं पदोपदी भेटतात. १७६५ च्या स्टँप कायद्याने वृत्तपत्रांवर आणि पत्रकांवरही कर बसवला, तेव्हा तिथले छापखानेवालेच खवळून उठले. पुढे ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या अंदाजे २०० प्रती निघाल्या आणि गावोगावी चौकात वाचल्या गेल्या. आपल्याकडे असा विषय निघाला की बोलणं पुणे, मुंबई आणि कलकत्त्यापाशीच थांबतं. नर्मदाकाठच्या जबलपूरचं नाव सहसा कुणी घेत नाही. ते घ्यायला हवं. छापील कागदाचं खरं बळ त्याला उत्तर द्यायला कुणी उभं राहतं का, यावर ठरतं, आणि जबलपुरात अशी माणसं पुन्हा पुन्हा उभी राहिली.

गैरसमज १ : जाहीरनामे सरकारने काढायचे आणि रयतेने मुकाट्याने ऐकायचे.

वस्तुस्थिती : १८५७ चा सप्टेंबर. गढामंडलाच्या गोंड राजघराण्याचे वृद्ध वारस राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह जबलपूरजवळ पुरवा इथे राहत होते. राज्य कधीच गेलेलं, हाती फक्त पेन्शन. छावणीतल्या ५२ व्या नेटिव्ह इन्फंट्रीतल्या शिपायांशी त्यांचं संधान असल्याचा सुगावा लागला आणि घराची झडती झाली. एका रेशमी थैलीत कागदाचा एक तुकडा सापडला. त्यावर शत्रूचा संहार कर, असं देवीला साकडं घालणारी कविता होती. तो कागद कुठला होता, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे : मेरठच्या उठावानंतर सरकारने काढलेल्या जाहीरनाम्याचा तो तुकडा होता. सरकारने आपलं म्हणणं ज्या कागदावर मांडलं, त्याच कागदाच्या पाठीवर राजाने आपलं म्हणणं लिहिलं.

पितापुत्रांवर घाईघाईने खटला चालला. कवितेचा कागद पुरावा ठरला आणि १८ सप्टेंबरला दोघांनाही तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून उठावात सामील झाली. जबलपुरात राजकीय वाद हा असा, प्राणाचं मोल देऊन, सुरू झाला.

गैरसमज २ : हिंदी पत्रकारिता हिंदी भाषकांनी घडवली, मराठी माणसाचा तिच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : माधवराव सप्रे यांचं नाव वगळून मध्य प्रांतातल्या हिंदी पत्रकारितेचा इतिहास लिहिताच येत नाही. दमोह जिल्ह्यातल्या पथरिया इथे १८७१ साली मराठी घरात त्यांचा जन्म झाला. १९०० साली पेंड्रासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं. १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या दबावापुढे माफीनामा लिहून द्यावा लागला आणि ती सल त्यांना फार बोचली. वर्षभर त्यांनी एकांतात माधुकरी मागून दासबोधाचं अध्ययन केलं. पुढे दासबोध आणि ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले.

हा माणूस खचून संपला असता तर कुणी दोष दिला नसता. पण १९२० साली जबलपुरातून ‘कर्मवीर’ साप्ताहिक उभं करण्यात सप्रे पुढे होते आणि संपादकपदाची धुरा त्यांनी तरुण माखनलाल चतुर्वेदींच्या हाती दिली. स्वतःच्या नावाचा आग्रह न धरता दुसऱ्याच्या लेखणीला जागा करून देणं, हे सप्र्यांचं फार मोठं देणं आहे.

गैरसमज ३ : तेव्हा पत्र काढायचं तर छापखाना आणि कागद असला की झालं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतली कितीतरी पत्रकं निनावी निघाली. इथे ती सोय नव्हती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण टाकणं बंधनकारक केलं होतं, आणि नियतकालिक काढायचं तर मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. १९१० च्या प्रेस कायद्याने त्यावर जामिनाचा बोजा टाकला. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येई. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त, आणि पुन्हा छापायचं तर १,००० पासून १०,००० रुपयांपर्यंत नवी अनामत.

‘कर्मवीर’च्या प्रतिज्ञापत्राची हकिगत माखनलालजींनी सांगून ठेवली आहे. पोटापाण्यासाठी साप्ताहिक काढत असल्याचा सावध अर्ज हितचिंतकांनी आधीच लिहून तयार ठेवला होता. माखनलालजींनी तो पुढे केलाच नाही. एक इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला, असं मॅजिस्ट्रेटने विचारलं. ते पत्र दबून वागतं, मला इंग्रजी राज्य चालता चालता थबकेल असं पत्र काढायचं आहे, या अर्थाचं उत्तर त्यांनी तोंडावर दिलं. त्या आयरिश अधिकाऱ्याने अनामत न घेता परवानगी दिली. तशी सूट देण्याचा अधिकार कायद्यातच होता. तो वापरला जाईल याची खात्री मात्र कुणालाच नव्हती. १७ जानेवारी १९२० रोजी ‘कर्मवीर’ निघालं.

गैरसमज ४ : ज्या देशात वाचताच येत नव्हतं, तिथे छापील मजकुराने काय होणार?

वस्तुस्थिती : १९२१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांत जेमतेम सात माणसं साक्षर होती. पण वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, ही आपली जुनी रीत. पोथी जशी ऐकली जाते तसंच वर्तमानपत्रही पारावर आणि दुकानाच्या फळीवर ऐकलं जाई.

त्याचा प्रत्यय ‘कर्मवीर’च्या पहिल्याच वर्षी आला. सागर जिल्ह्यातल्या रतौना इथे एका कंपनीचा प्रचंड कत्तलखाना उभारायचा घाट सरकारच्या आशीर्वादाने घातला गेला. ‘कर्मवीर’ने या योजनेविरुद्ध मोहीम उघडली. शेतकऱ्याच्या दावणीचे बैल गेले तर शेती कशी चालायची, हा रोकडा प्रश्न होता. जबलपुरातलंच ‘ताज’ हे उर्दू पत्र आणि त्याचे संपादक ताजुद्दीन याच बाजूने उभे राहिले. सागरमध्ये अब्दुल गनी यांनी लोकांना संघटित केलं. हिंदी आणि उर्दू पत्रांनी एकाच प्रश्नावर एकत्र आवाज उठवला आणि काही महिन्यांतच सरकारला योजना गुंडाळावी लागली. हिंदू-मुसलमानांत फूट पडेल असा विषय दोघांनी मिळून लढवला, हे आज मुद्दाम आठवण्यासारखं आहे.

गैरसमज ५ : स्वातंत्र्यलढ्यातले सगळे एकाच सुरात बोलत होते.

वस्तुस्थिती : याच मध्य प्रांतात टिळकांच्या मार्गाचं ‘हिंदी केसरी’ निघालं आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ पासून ‘हितवाद’ही चालवलं. जहाल आणि मवाळ यांचा वाद वाचकांसमोर, उघड्यावर चालत होता.

सर्वांत ठळक उदाहरण १९३९ चं. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषबाबू पुन्हा उभे राहिले, तेव्हा जानेवारीत त्यांनी वृत्तपत्रांतून निवेदन दिलं. वल्लभभाई पटेल आणि इतर नेत्यांनी संयुक्त निवेदनाने उत्तर दिलं. सुभाषबाबूंनी त्याला प्रत्युत्तर दिलं. सारा देश हे वाचत होता. २९ जानेवारीला सुभाषबाबू १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी निवडून आले. हा पराभव प्रतिस्पर्धी उमेदवार पट्टाभींपेक्षा माझाच अधिक, असं गांधीजींनी जाहीरपणे लिहिलं. मार्चमध्ये जबलपूरलगतच्या त्रिपुरी इथे अधिवेशन भरलं. सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते; त्यांचं भाषण बंधू शरदबाबूंनी वाचून दाखवलं. गांधीजींच्या सल्ल्यानेच कार्यकारिणी नेमावी, हा पंत ठराव मंजूर झाला आणि एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मतभेद कटू होते, तरी दोन्ही बाजूंनी ते सही करून, छापून, लोकांपुढे ठेवले. मतभेदामुळे लढा दुबळा होतो असं मानणाऱ्यांनी त्रिपुरीचा इतिहास जरूर वाचावा.

हे सारं आपल्याला कळतं ते कुणीतरी कागद जपले म्हणून. डनलॅपच्या त्या अंदाजे २०० प्रतींपैकी आज २६ ठाऊक आहेत. त्यातली एक पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात चार डॉलरला घेतलेल्या तसबिरीच्या मागे निघाली आणि १९९१ मध्ये २४ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. आपल्याकडे भोपाळमध्ये १९८४ पासून माधवराव सप्र्यांच्याच नावाने जुन्या वृत्तपत्रांचं संग्रहालय उभं आहे. जबलपूर, सागर, दमोह, नागपूर इथल्या जुन्या घरांत माळ्यावरच्या पेट्यांत पिवळी पडलेली पत्रकं, सभेच्या नोटिसा, फाटके अंक अजूनही असतील. ते रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा; पाठीवर काही लिहिलं आहे का, तेही बघा, आणि जपणाऱ्या हातांत सोपवा. या कागदांसाठी कुणी तुरुंगात गेलं, कुणी तोफेच्या तोंडी गेलं. ते सांभाळण्याइतकं तरी आपण त्यांचं देणं लागतो.