राजापूर : बंदर गेलं, पाणी राहिलं

राजापूरच्या बाजारात उभं राहिलं की समुद्राचा मागमूसही लागत नाही. तो पार लांब, जैतापूरच्या पलीकडे. तरी सतराव्या शतकात दक्षिण कोकणातलं नावाजलेलं बंदर हेच. भरती साधून गलबतं खाडीतून आत शिरायची, अणुस्कुऱ्याच्या घाटाने बैलांचे तांडे उतरायचे आणि मिरी, वेलदोडे, कापड असा माल इथे हात बदलायचा. गावाची सगळी बरकत या चढउतारातली.

१६४९च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली ती त्यासाठीच. व्यापारापुरतं पाहिलं असतं तर त्यांचं बरं चाललं असतं. पण १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजी निशाण फडकवत गडावर तोफा डागायला गेला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज राजापुरावर चालून आले. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैदेत पडले; ते सुटले १६६३ साली. राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या इंग्रज वकील ऑक्झिंडेनच्या वाटाघाटींतही राजापूरच्या नुकसानभरपाईचा मुद्दा होताच. व्यापारी हिशेब विसरत नाहीत.

एवढ्या धामधुमीतून बंदर तगलं. त्याला संपवलं ते गाळाने. १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये दोन नोंदी पाठोपाठ आहेत : अरबांची जहाजं थेट व्यापाराला येतात असं जिल्ह्यातलं हे एकमेव बंदर, आणि मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. म्हणजे नाव होतं, पाणी उथळ झालं होतं. पुढे आगबोटी खाडीच्या तोंडाशी थांबू लागल्या, मग मोटारी आल्या. कोकण रेल्वे आली, पण राजापूर रोड स्टेशन गावापासून चांगलंच दूर.

गाळ मात्र गावातच राहिला. अर्जुना आणि कोदवली या नद्या इथे भेटतात. पावसाने जोर धरला की दोघी मिळून जवाहर चौकात येतात. मग दुकानदारांची धांदल पाहावी. खालच्या फळीवरचं सामान आधी, धान्याची पोती त्यानंतर, वजनकाटा शेवटी, सगळं माळ्यावर. कोणी आरडाओरडा करत नाही. पाणी ओसरलं की फावडी घेऊन चिखल काढायचा आणि दुकान उघडायचं. हल्ली नदीपात्रातला गाळ यंत्रांनी उपसतात. ते आधीच व्हायला हवं होतं, असं माझं मत.

बाहेरचा माणूस येतो तो बहुधा उन्हाळे गावच्या गंगेसाठी. चौदा कुंडं, आणि साधारण तीन वर्षांनी, पण आपल्या मर्जीने, प्रकट होणारं पाणी. गंगा आल्याची बातमी लागली की एस.टी. भरभरून येतात. जवळच गरम पाण्याचा झरा आहे. गंगा नसली तरी तो असतो, म्हणून त्याचं कौतुक कमी. धोपेश्वरला धूतपापेश्वराचं देऊळ आणि मृडानी नदीचा धबधबा. तिथे पावसाळ्यातच जावं.

बारसू गावच्या सड्यावरची कातळशिल्पं याहून कितीतरी जुनी. २०२२ साली ती कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी त्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी, बायाबापड्यांसह, भर उन्हात सड्यावर जाऊन बसले. बंदोबस्ताला मोठी पोलीस कुमक आली, धरपकड झाली. प्रकल्पाचं कच्चं तेल यायचं होतं समुद्रमार्गेच. पण या खेपेला घरोघरी विचारलं जात होतं ते एवढंच : आंब्याच्या बागांचं आणि मासेमारीचं काय?