खलनायकाचं नाव बेटी!

2002 साली आलेला ‘कुंग पाव : एंटर द फिस्ट’ हा सिनेमा समीक्षकांनी झोडपून काढला. तरी त्याचे चाहते आजही संवाद घडाघडा म्हणून दाखवतात.

गंमत त्याच्या घडणीतच आहे. लेखक-दिग्दर्शक स्टीव्ह ओडेकर्कने 1976 चा एक हाँगकाँगी मारधाडपट घेतला, मूळ नायक जिमी वांग यू याच्या जागी स्वतःला चिकटवलं आणि जवळपास सगळ्या पात्रांना स्वतःच आवाज दिला. नायिकेलासुद्धा! ओठ एक बोलतात, कानावर भलतंच पडतं. परदेशी कुंग फू सिनेमांच्या ढिसाळ डबिंगची ही मुद्दाम केलेली टवाळी.

बाकी थिल्लरपणा भरपूर. क्रूर खलनायक गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, मला बेटी म्हणा. विंप लो नावाच्या बिचाऱ्या शिष्याला गुरूने गंमत म्हणून चुकीचंच शिकवलेलं. मार खाऊन रक्त आलं की त्याला वाटतं, आपणच जिंकलो. कळस म्हणजे संगणकावर घडवलेल्या गायीशी ‘मेट्रिक्स’ छाप हाणामारी. गाय हवेत, नायक हवेत, दुधाच्या धारा हवेत!

काही विनोद पार फसलेत, हेही खरं.

शेवटी पुढच्या भागाची खोटी जाहिरात आहे. ती चुकवू नका.