एक तण गेले, दुसरे आले. मग लस कशाला?

गेल्या हंगामात तणनाशकाची माहिती द्यायला एका गावी गेलो होतो. बोलणे संपल्यावर नातवाला मांडीवर घेतलेल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, न्यूमोनियाची लस टोचली की एक जंतू जातो अन् दुसरा येतो म्हणतात. मग पोराला रडवायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. गव्हात टू-फोर-डी फवारले की रुंद पानांचे तण मरते आणि गवतवर्गीय तण मोकळी जागा धरते. मुलांच्या नाकात काहीसे असेच घडते.

न्यूमोकोकस हा जंतू पुष्कळ धडधाकट मुलांच्या नाका-घशात मुक्कामाला असतो. मूल खाते, खेळते. त्याला काही होत नाही. पण तोच जंतू फुफ्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला तर जिवावर बेतते. या जंतूभोवती साखरेचे वेष्टण असते. त्यावरून त्याचे शंभरावर प्रकार ओळखले गेले आहेत. लस त्यांपैकी ठरावीक प्रकारांचीच शरीराला ओळख करून देते. ते नाकात सहसा रुजत नाहीत आणि त्यांची जागा दुसरे घेतात.

अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची लस सुरू झाली. तिथेही असेच झाले; परंतु नवे आलेले बहुतेक प्रकार तितके घातक नव्हते. लहान मुलांचे गंभीर आजार खूप घटले. मुलांकडून जंतू पसरेनासा झाला, त्यामुळे लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांनाही लाभ झाला. '१९-ए' हा प्रकार मात्र डोईजड झाला. म्हणून २०१० मध्ये त्याच्यासह तेरा प्रकारांवरची लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांवरच्या लशीतही '१९-ए' आहे.

आपल्या देशात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून सर्व राज्यांत सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती टोचतात. सुगीच्या किंवा ऊसतोडीच्या धांदलीत तिसरी वेळ चुकवू नका. लस घेतलेल्या मुलालाही धाप लागली किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.

आजींना मी एवढेच म्हणालो, "तण बदललं म्हणून आपण निंदणी सोडतो का?"

आजी हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "पोराचं कार्ड काढ गं, तारीख बघू."