वाटेवरचें घोंगडें

गोंदवल्याच्या श्रीब्रह्मचैतन्य महाराजांच्या दर्शनास साताऱ्याहून निघालें, कीं पुसेगाव मागें पडल्यावर माणदेशाचीं उघडीं माळरानें दिसूं लागतात. गेल्या खेपेस दहिवडीच्या अलीकडे एका वृद्ध विक्रेत्यानें बाभळीखालीं चार काळीं घोंगडीं मांडलेलीं पाहून आम्ही मोटार थांबविली. त्यानें किंमत सांगितली. आम्ही शहरी रिवाजाप्रमाणें निम्म्यास मागितलें. तो रागावला नाहीं. "आदी हात लावून बघा, मालक, मग बोला," एवढेंच म्हणाला.

आम्ही हात लावला, आणि मनांत ओशाळलों. मेंढराची लोकर कातरावयाची, ती पिंजावयाची, घरांतील बायकांनीं चरख्यावर तिचें सूत काढावयाचें, त्यास चिंचोक्याची खळ द्यावयाची, आणि मग विणकऱ्यानें मागाच्या खड्ड्यांत बसून तें विणावयाचें. इतके हात एका घोंगड्यामागें राबतात! तें पावसांत चटकन भिजत नाहीं, आणि भिजलें तरी ऊब सोडीत नाहीं. पानिपतच्या गिरण्यांतील स्वस्त ब्लँकेटाशीं त्याची तुलना केवळ किमतीवरून करणें हा अन्याय होय.

माण-खटाव आणि सांगलीकडील आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेंतले. १८७६-७८ व १९७२ चे दुष्काळ येथील घराघरांस ठाऊक आहेत. शेतानें दगा दिला, म्हणजे मेंढरें आणि हातचें कसब एवढाच आधार उरतो. २०२० सालीं महामारी आली तेव्हां तोहि तुटला. आठवड्याचे बाजार बंद पडले. त्या सालीं व पुढच्या सालीं आषाढीचे पालखी सोहळे नेहमीसारखे पायीं निघाले नाहींत. ज्याचें गिऱ्हाइकच वाटसरू, त्यानें वाट ओस पडल्यावर काय करावें?

१८७६ च्या दुष्काळांत महाराजांनीं आपल्या शेतांत कामें काढून लोकांस अन्न दिलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. गरजवंतास काम देणें आणि कामाचा मोबदला राखणें, यांत त्याचा मान राहतो. आम्ही मात्र साताऱ्यास कंदी पेढे घेतांना दुकानदार सांगेल तो भाव निमूटपणें देतों, आणि आमची सारी व्यवहारचातुरी बाभळीखालच्या म्हाताऱ्यापुढें दाखवितों!

त्या दिवशीं आम्ही सांगितलेली किंमत दिली. घरीं येतांच वडील मंडळींनीं घोंगडें उलगडून पाहिलें आणि विचारलें, "कितीस पाडलें?"

"पाडलें नाहीं," आम्ही म्हणालों.

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग आमच्या मातोश्रींनीं तें घोंगडें पुन्हां नीट घडी घालून देवघराशेजारच्या फडताळांत ठेवलें.