जुनी टर्बो डिझेल गाडी घाटात दम तोडते? 'पंप वाढवण्या'आधी हे वाचा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं नाव जगभर झालं. ७५ किलोमीटर लांबीचा डांबराचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून इथं गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावरून धावणाऱ्या कितीतरी गाड्या अजून जुन्याच आहेत. १९९८ साली आलेली टाटा सफारी, २००० सालची बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ आणि गावोगावच्या काळी-पिवळ्या.

या गाड्या चिवट आहेत, यात वाद नाही. पण नवी गाडी सर्रकन पुढं निघून गेली, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना दुसरा गिअर टाकावा लागला, की मालकाच्या मनात एकच विचार येतो. पिकअप वाढवता येईल का?

गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं, "भाऊ, पंप थोडा वाढवून देतो, पाहा मंग गाडी कशी पयते!"

गाडी पळतेही. प्रश्न असतो तो किती दिवस.

ताकद डिझेलमध्ये नाही, हवेत आहे

डिझेल जळायला हवा लागते. इंजिनात जेवढी हवा जाईल तेवढंच डिझेल नीट जळतं. जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतं.

टर्बोचं काम हीच हवा वाढवणं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर त्याचं चाक मिनिटाला लाखभर फेरे मारतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा दाबली की गरम होते, गरम हवा विरळ असते. म्हणून काही गाड्यांत मध्ये इंटरकूलर बसवलेला असतो.

आता यात वऱ्हाडचा उन्हाळा जोडा. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंश तापमानाला हवा साधारण ८ टक्के विरळ असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तिथं हवेचा दाब आणखी कमी. म्हणजे मे महिन्यात अकोल्याहून निघून घाट चढणाऱ्या गाडीला दोन्हीकडून फटका बसतो. त्यात इंजिनाचा दोष असेलच असं नाही.

आधी गेलेली ताकद परत मिळवा

१५-२० वर्षं चाललेल्या गाडीची कंपनीनं दिलेली ताकदच पूर्ण उरलेली नसते. स्कॉर्पिओचं पहिलं २.६ लिटरचं टर्बो इंजिन १०९ हॉर्सपॉवरचं होतं. ते आज तेवढं देतंय का, हे आधी बघायला हवं. क्रम साधारण असा ठेवावा:

• एअर फिल्टर: काळ्या मातीच्या रस्त्यांवर तो पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीआधीच भरतो. सगळ्यात स्वस्त उपाय हाच.
• टर्बोचे होज पाइप: बारीक चीर असली तरी दाबलेली हवा निसटते. चढावर 'फुस्स' असा आवाज ही त्याची खूण.
• डिझेल फिल्टर, टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन: कॉम्प्रेशनच गेलं असेल तर पुढचा खर्च वाया जातो.
• पंप आणि नोझल: अंदाजानं स्क्रू फिरवण्याऐवजी पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्यावं.
• रेडिएटर: जाळ्यांत धूळ आणि किडे अडकले की इंजिन तापतं.

धूरही बरंच काही सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग तपासा. पांढरा धूर म्हणजे कच्चं डिझेल किंवा इंजिनात शिरणारं कूलंट. असा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट बघावं लागतं.

पंप वाढवला की काय होतं?

जुन्या मेकॅनिकल पंपात स्क्रू फिरवला की दर स्ट्रोकला डिझेल जास्त जातं. पेट्रोल इंजिनात डिझेलच्या उलट घडतं. इथं मात्र डिझेल जास्त म्हणजे उष्णता जास्त.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा असतो. ऑइल आणि कूलंट त्याची उष्णता सतत काढून घेतात म्हणून तो टिकतो. टर्बोत शिरणारा वायू बराच वेळ ७०० अंशांच्या पुढं राहिला तर ती धोक्याची घंटा समजतात. लांब घाट, भरलेली गाडी, मे महिना आणि वाढवलेला पंप हे एकत्र आले की आधी हेड गॅस्केट, मग टर्बो किंवा पिस्टन जातो.

म्हणून डिझेल वाढवायचंच असेल तर आधी हवा वाढवावी. नसेल तर इंटरकूलर बसवावा, बूस्टचा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर लावावा आणि धूर दिसायच्या आत थांबावं.

सीआरडीई गाड्यांत हा स्क्रू नसतो. तिथं डिझेलचं माप ईसीयू ठरवतो आणि ताकद वाढवण्याला रिमॅप म्हणतात. उष्णतेचा नियम मात्र तोच.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि पीयूसी तर नेहमीच लागते. धुरानं काळी पडलेली गाडी तिथंच अडकते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावाही अडू शकतो.

ताकदीआधी ब्रेक

चढ जोरात चढणाऱ्या गाडीला तोच घाट उतरायचाही असतो. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन जुनेच ठेवून फक्त इंजिन वाढवणं धोक्याचं. मोठे टायर लावले तर पिकअप उलट कमी होतो.

घाट चढून वर पोहोचल्यावर लगेच चावी बंद करू नये. एक-दोन मिनिटं गाडी आयडलवर राहू द्यावी, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल फिरत राहतं. या सवयीला खर्च शून्य आहे आणि नव्या टर्बोचा खर्च किती येतो, ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारून बघा.