नाव पडलं कानफाट्या : अमेरिकेतल्या ‘जगलों’ची गोष्ट

२०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल शहराजवळ, पोलिसांनी एक मालट्रक तपासणीसाठी बाजूला घेतला. ट्रकवर एक चित्र होतं. हातात कुऱ्हाड घेऊन धावणारा माणूस. हे चिन्ह टोळीचं आहे, असं पोलिसाने चालकाला सांगितलं आणि गाडीत कुऱ्हाडी किंवा तसली शस्त्रं आहेत का, अशी विचारणा केली. ट्रक तासभर अडकला. सापडलं काहीच नाही. पुढे या चालकाने कोर्टात जी तक्रार केली, तिच्यात हे सगळं नोंदलेलं आहे.

तो कुऱ्हाडवाला माणूस एका संगीत कंपनीचं बोधचिन्ह आहे. कंपनीचं नाव सायकोपॅथिक रेकॉर्ड्स. ती काढली डेट्रॉइटच्या परिसरात गरिबीत वाढलेल्या दोन मित्रांनी, जे व्हायोलंट जे आणि शॅगी टू डोप या नावांनी चेहऱ्यावर विदूषकाचा रंग फासून रॅप गातात. त्यांच्या जोडगोळीचं नाव ‘इन्सेन क्लाउन पॉसी’ आणि त्यांच्या चाहत्यांना म्हणतात ‘जगलो’. १९९२ च्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याच्या नावावरून कार्यक्रमात प्रेक्षकांना अशी हाक मारली गेली आणि ती चिकटली. मराठीत हा शब्द ‘जिवंत राहिलो’ असा ऐकू येतो. हा निव्वळ योगायोग आहे. पण घर तुटलेली, शाळेत हिणवली गेलेली, खिशात पैसे नसलेली कितीतरी मुलं आपण या गोतावळ्यामुळे तगलो असं सांगतात, तेव्हा तो मराठी अर्थ माझ्या डोक्यातून जात नाही.

या माणसांबद्दल जे समज पसरले आहेत, ते एकेक करून तपासून पाहू.

समज : टोळीच्या सगळ्या खुणा त्यांच्याकडे आहेत

खुणा आहेत, हे खरं. अंगावर कुऱ्हाडवाल्याचं गोंदण, गळ्यात त्याचंच लॉकेट, काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवलेले चेहरे, भेटल्यावर ‘वूप वूप’ अशी आरोळी, एकमेकांना ‘फॅमिली’ म्हणणं. कार्यक्रमात फेगो नावाच्या सोड्याच्या बाटल्या फोडून गर्दीवर उडवतात. हा १९०७ पासून डेट्रॉइटमध्ये बनणारा, गरिबाच्या खिशाला परवडणारा सोडा. सन २००० पासून त्यांचा वार्षिक मेळावा भरतो. तिथे काही दिवस तंबूत राहायचं, गाणी ऐकायची, कुस्त्या बघायच्या.

पण खुणा टोळीच्या असतात तशा वारकऱ्याच्याही असतात, ढोल-ताशा पथकाच्याही असतात आणि क्रिकेट संघाच्या चाहत्यांच्याही असतात. कायदा खुणांवर थांबत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय फौजदारी कायद्यात टोळीची व्याख्या आहे : पाच किंवा अधिक माणसांचा चालू असलेला गट, आणि गुन्हे करणं हा त्या गटाच्या मुख्य हेतूंपैकी एक. हेतू हा शब्द तिथे कळीचा आहे. आपल्याकडचा मोक्का कायदा माहीत असलेल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही नुसता गट दाखवून भागत नाही. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. जगलोंच्या गोतावळ्याला ना म्होरक्या आहे, ना वसुली, ना इलाखा. गुन्हा करण्यासाठी ते एकत्र येत नाहीत. ते गाणी ऐकायला येतात.

समज : ज्यांच्या गाण्यांत इतके खून, ते ऐकणारे सरळ कसे असतील?

ही गाणी मी ऐकली आहेत आणि त्यातली पुष्कळशी मला ऐकवत नाहीत. शिव्या, रक्त, कापाकापी, सगळं आहे. १९९७ मध्ये त्यांचा ‘द ग्रेट मिलेन्को’ हा अल्बम डिस्नेच्या मालकीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सने काढला आणि बाजारात येऊन काही तास होतात न होतात तोच परत मागवला. डिस्नेला जे झेपलं नाही ते दुसऱ्या कंपनीने विकलं आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मात्र या गाण्यांमागे एक कथाविश्व आहे, ‘डार्क कार्निव्हल’ नावाचं. मेल्यानंतर माणसाचा हिशेब घेणारी एक अंधारी जत्रा. प्रत्येक मोठा अल्बम म्हणजे त्या जत्रेच्या पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता. गाण्यांतली कुऱ्हाड बहुतेक वेळा पडते ती वंशद्वेष्ट्यांवर, बायकामुलांना मारणाऱ्यांवर, गरिबाकडे तुच्छतेने बघणाऱ्यांवर. २००२ मध्ये सहावा पत्ता उघडला तेव्हा गायकांनी सांगून टाकलं की ही जत्रा म्हणजे देवच आहे, आणि आपल्या लोकांनी चांगलं वागावं एवढंच त्यांचं मागणं होतं. ज्या मुलांनी लहानपणी प्रत्यक्ष मार खाल्ला, त्यांना मारणाऱ्याचा हिशेब होणारी कथा का जवळची वाटली असेल, हे समजून घ्यायला ते संगीत आवडायची गरज नाही.

आणि हेही स्वच्छ सांगायला हवं की जगलो म्हणवणाऱ्या काहींनी भयंकर गुन्हे केले आहेत. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड शहरात एका अठरा वर्षांच्या मुलाने समलिंगी पुरुषांच्या बारमध्ये शिरून कुऱ्हाडीने आणि पिस्तुलाने हल्ला केला. तो स्वतःला जगलो म्हणवत होता. त्याला नाझी चिन्हांचंही वेड होतं, आणि वंशद्वेष्ट्यांवर कुऱ्हाड चालवणाऱ्या गाण्यांशी ते कुठेच जुळत नव्हतं. लाखो चाहत्यांच्या जमावात गुन्हेगार निघणारच. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. सुक्याबरोबर ओलं जाळायचं का, हा मुद्दा आहे.

समज : एफबीआयने तपास करून त्यांना कायद्याने टोळी ठरवलं

सगळ्यांत खोल रुजलेला समज हाच, आणि तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये एफबीआयच्या अखत्यारीतल्या राष्ट्रीय टोळी माहिती केंद्राने देशातल्या टोळ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. देशात ३३ हजार टोळ्या आणि सुमारे १४ लाख टोळीवाले असल्याचा त्यात अंदाज होता. त्याच अहवालात एक छोटा भाग जगलोंवर होता. त्यात त्यांना ‘सैल बांधणीची संकरित टोळी’ म्हटलं होतं.

आता तो भाग नीट वाचला तर काय दिसतं? जगलोंना टोळी मानणारी राज्यं पन्नासपैकी चार : ॲरिझोना, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया आणि युटा. अहवाल स्वतःच म्हणतो की जगलोंचे बहुतेक गुन्हे तुरळक, विस्कळीत आणि ज्याचे त्याने केलेले असतात : किरकोळ मारामारी, स्वतःपुरती अमली पदार्थांची बाळगणूक, भुरट्या चोऱ्या, मोडतोड. मग पुढे येतं की थोडे जगलो जास्त संघटित उपगट बनवत असल्याचं ‘उघड स्रोतां’वरून, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या बातम्यांसारख्या मजकुरावरून, सूचित होतं. ज्याला विस्कळीत आणि वैयक्तिक म्हटलं त्यालाच टोळीच्या रकान्यात बसवलं. संघटित गुन्हेगारीची पहिली अट संघटना असते, आणि ती नाही असं अहवालच सांगत होता.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. हा अहवाल म्हणजे कुठला आदेश नव्हता, अधिसूचना नव्हती, बंदीही नव्हती. त्यापूर्वी कुणाला नोटीस गेली नाही, कुणाचं म्हणणं ऐकलं गेलं नाही. सरकारने पुढे कोर्टात हेच सांगितलं : आम्ही कुणाला काही ठरवलेलं नाही, राज्यांकडून आलेली माहिती फक्त मांडली. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात जेव्हा एफबीआयचं नाव छापलेला कागद येतो, तेव्हा तो ‘मांडलेली माहिती’ आणि ‘ठरवलेली गोष्ट’ यांत फरक करत बसत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच. इथे ते नाव ठेवलं कुणी, हेच कुणी कबूल करेना.

समज : काही केलंच नसेल तर यादीत आल्याने काय बिघडतं?

बरंच बिघडतं. २०१२ मध्ये डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक इथला या जोडीचा हॅलोवीनचा कार्यक्रम, त्यांच्या स्वतःच्या मुलखात, टोळीच्या शिक्क्याचं कारण देऊन रद्द झाला. कॅलिफोर्नियातल्या एका चाहत्याला त्याच्या कपड्यांवरून आणि गोंदणांवरून पोलीस वारंवार थांबवून चौकशा करत. इराक आणि अफगाणिस्तानात लढून आलेल्या एका सैनिकाला आपल्या अंगावरच्या गोंदणांमुळे नोकरी जाईल अशी भीती वाटू लागली. व्हर्जिनियात प्रोबेशन अधिकारी असलेल्या एका बाईंची नोकरी गेली, आणि त्याचं कारण समाजमाध्यमांवरची त्यांची जगलोपणाची छायाचित्रं होती असं त्या सांगतात.

अशा नोंदी किती बेफिकिरीने होतात, याचा पुरावा कॅलिफोर्नियातूनच मिळाला. तिथल्या पोलिसांची ‘कॅलगँग’ नावाची टोळीवाल्यांची संगणकीय यादी आहे. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने ती तपासली तेव्हा नोंदीच्या तारखेला वय वर्षं एकसुद्धा पूर्ण नसलेली ४२ नावं तिच्यात निघाली. त्यातल्या २८ जणांपुढे शेरा होता : टोळीत असल्याचं स्वतः कबूल केलं. पाळण्यातल्या बाळांनी! ही जगलोंची यादी नव्हे, तिच्यात प्रामुख्याने काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतली माणसं होती, आणि तिथे हा शिक्का जगलोंपेक्षा कितीतरी पटींनी महाग पडतो. पण यादी बनवण्याची रीत तीच.

समज : असं जगलोंच्याच बाबतीत झालं

युटा राज्याचं नाव वर आलं. त्याच राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी १९९० च्या दशकात ‘स्ट्रेट एज’ या पंक संगीताच्या चाहत्यांनाही टोळीच्या खात्यात टाकलं होतं. दारू नाही, सिगारेट नाही, नशा नाही, हे या मुलांचं ब्रीद. काहींनी मारामाऱ्या केल्या, त्यावरून सगळ्यांची नोंद झाली.

याहून वाईट उदाहरण अर्कान्सासचं. १९९३ मध्ये वेस्ट मेम्फिसला आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला आणि तीन किशोरवयीन मुलं पकडली गेली. त्यांच्यातल्या एकाचे काळे कपडे आणि हेवी मेटलची आवड खटल्यात सैतानपूजेच्या संशयाला आधार म्हणून मांडली गेली. त्या एकाला मृत्युदंडाची शिक्षा झाली, दोघांना जन्मठेप. अठरा वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, ते तिघे सुटले. जगलोंवरचा अहवाल त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

इंग्लंडमध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. लँकेशरमधल्या बेकप गावात २००७ मध्ये ‘गॉथ’ या काळ्या पेहरावाच्या उपसंस्कृतीतल्या वीस वर्षांच्या एका तरुणीला आणि तिच्या मित्राला केवळ वेशभूषेवरून टोळक्याने मारलं. त्यात ती गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा पेहरावावरून होणाऱ्या हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद सुरू केली. एकाच काळात एका देशाचे पोलीस रंगवलेल्या चेहऱ्यात संशयित पाहत होते आणि दुसऱ्या देशातल्या एका महानगराचे पोलीस संभाव्य बळी. मला दुसरी नजर जास्त अनुभवाची वाटते.

कोर्टात काय झालं

जानेवारी २०१४ मध्ये दोन्ही गायक आणि चार चाहते, मिशिगनच्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या मदतीने, अमेरिकेच्या न्याय खात्याविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. सप्टेंबर २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा जिवंत केला : यांचं नुकसान झालेलं दिसतं आणि ते अहवालाशी जोडता येतं, म्हणून दाद मागायचा हक्क यांना आहे.

निकाल लांबत गेला तेव्हा १६ सप्टेंबर २०१७ ला जगलो वॉशिंग्टनला गेले. लिंकन स्मारकासमोर हजाराहून अधिक माणसं चेहरे रंगवून जमली. कुणाची नोकरी गेली होती, कुणाचा मुलांच्या ताब्याचा दावा बिघडला होता. एकेकाने ते माइकवर सांगितलं आणि मग सगळे शांतपणे चालत गेले.

तीन महिन्यांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, अपील कोर्टाने अंतिम नकार दिला. अहवालातून थेट कोणताही कायदेशीर परिणाम होत नाही. पोलिसाने ट्रक अडवला तो स्वतःच्या अखत्यारीत, सैन्याने एका चाहत्याला भरती नाकारली ती स्वतःच्या अखत्यारीत. म्हणून अहवालावर कोर्टात दाद मागता येत नाही.

चार चाहत्यांपैकी एक नॉर्थ कॅरोलायनाचा तरुण होता. त्याला सैन्यात जायचं होतं. तुझी गोंदणं टोळीची आहेत, असं भरतीच्या वेळी त्याला सांगण्यात आलं, तेव्हा त्याने शेकडो डॉलर खर्चून, दुखणं सोसून, त्या गोंदणांवर दुसरी गोंदणं काढून घेतली. मग तो पुन्हा भरतीला गेला. तरीही त्याला घेतलं नाही.